जर्मनीत नर्स व्हायचंय? आधी उर्कुंडेचा हिशोब मांडा

"ताई, व्हिसा किती दिवसांत मिळतो?" कधी लातूरहून, कधी चिपळूणहून मेसेज येतो आणि त्यातला पहिला प्रश्न हाच असतो. दुसरा पगाराचा. उर्कुंडेबद्दल कुणी विचारत नाही, आणि जर्मनीत नर्सचं गाडं नेमकं तिथंच अडतं.

उर्कुंडे म्हणजे तिथल्या राज्य सरकारने दिलेला एक कागद. या व्यक्तीला 'फ्लेगेफाखफ्राउ' (म्हणजे पात्र नर्स), पुरुष असेल तर 'फ्लेगेफाखमान', असं म्हणवून घ्यायची परवानगी आहे, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. तो हातात येईपर्यंत तुम्ही जर्मन कायद्याच्या लेखी नर्स नाही, हेल्पर. मग इकडे दहा वर्षं आयसीयूत का काढलेली असेनात. वृद्धसेवा संस्थांना लागू असलेलं किमान वेतन जुलै 2025 मध्ये असं होतं: साध्या हेल्परला तासाला 16.10 युरो, नोंदणी झालेल्या नर्सला 20.50 युरो. आठवड्याला 39 तास धरले तर महिन्याला सव्वासातशे-साडेसातशे युरोंचा फरक पडतो. हे झालं कर आणि विमा कापायच्या आधीचं. म्हणजे उर्कुंडेला सहा महिने उशीर झाला तर तो नुसता वाट बघण्याचा त्रास नसतो, खिशातून जाणारे पैसे असतात.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या मी एकाच प्रश्नाने तपासल्या आहेत: याने उर्कुंडे लवकर येईल की उशिरा?

हा रस्ता कोणाचा

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), बीएस्सी नर्सिंग आणि पोस्ट बेसिक बीएस्सी झालेल्यांचा. एएनएमवर, म्हणजे सहायक नर्सच्या कोर्सवर, फ्लेगेफाखफ्राउची मान्यता मिळत नाही. एखादा एजंट 'एएनएमलाही डायरेक्ट नर्स' म्हणत असेल तर त्याचा नंबर तिथंच पुसून टाका.

बारावी झालेल्यांसाठी आउसबिल्डुंग नावाचा वेगळा रस्ता आहे. तीन वर्षांचं पगारी प्रशिक्षण, शेवटी परीक्षा, आणि मग थेट जर्मन पात्रता. रस्ता चांगला आहे, पण बारावीच्या मुलांसाठी. जीएनएम झालेल्या मुलींनाही काही एजंट याच रांगेत उभं करतात, कारण त्यांना कागदपत्रांची कटकट नको असते. हातातली तीन वर्षं पुसून पुन्हा पहिलीत बसायचं का, हे सही करण्याआधी स्वतःला विचारा. भाषा पक्की नसलेल्या, अनुभव नसलेल्या कुणाला ते परवडतंही. बहुतेकांना नाही.

आणखी एक. महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी 2024 मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्यात नर्सिंगही आहे. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट, आणि मुंबईचं तिच्याशी 1968 पासून भगिनी-शहराचं नातं आहे. करार झाला ही चांगलीच गोष्ट. पण कराराने नोंदणीतून सूट मिळत नाही. सरकारी यादीत नाव असलेल्या मुलीलाही तीच भाषा, तीच अनेर्केनुंग (शिक्षणाला मिळणारी मान्यता) आणि तोच उर्कुंडे लागतो. यादीकडे डोळे लावून घरी बसू नका, आपलं काम सुरू ठेवा.

पहिली पायरी: नाव

हसू नका. महाराष्ट्रातल्या नर्सची अर्धी फाइल नावापाशी अडकते.

आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आरोग्य विद्यापीठाच्या कागदांवरही अनेकदा तसंच. पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं. त्यात लग्न झालं की कहर: शिक्षणाचे कागद 'कांबळे वैशाली अशोक' या नावाने, पासपोर्ट 'वैशाली सचिन जाधव' या नावाने. सासरी नाव बदलायची रीत असली तर वैशालीची 'सायली' झालेली, मग तर विचारूच नका. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. जर्मन कार्यालयातल्या माणसाला मात्र त्या दोन-तीन वेगवेगळ्या बायका दिसतात, आणि तो फाइल बाजूला ठेवतो.

माझ्याबाबतीत चार महिने यातच गेले. डिप्लोमा माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि अनुभवाच्या दाखल्यावर हॉस्पिटलने माहेरचं नाव न् सासरचं आडनाव अशी खिचडी केलेली.

उपाय असे:

- पासपोर्टवरचं नाव हेच मूळ धरा. भाषेच्या परीक्षेचा फॉर्म, अर्ज, करारपत्र, सगळीकडे तेच, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने.
- नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची प्रत, दोन्ही फाइलमध्ये हवीत. नुसतं नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट पुरेल या भरवशावर राहू नका.
- महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीतही नावबदल करून घ्या. हे काम सगळ्यात रेंगाळतं, म्हणून सगळ्यात आधी.
- लग्न ठरलंय आणि फाइल अर्धी झालीय? मग पासपोर्टवरचं नाव उर्कुंडे येईपर्यंत बदलू नका. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. घरच्यांना समजावणं कायद्यापेक्षा अवघड, ते मला माहीत आहे.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तोही आत्ताच भरून घ्या. जर्मनीत आडनावाशिवाय बँकेचं खातंही धड उघडत नाही.

दुसरी पायरी: बाकीचे कागद

कौन्सिलचं आरएन-आरएम, म्हणजे नर्स आणि मिडवाइफ म्हणून असलेलं, रजिस्ट्रेशन चालू असलं पाहिजे. आपल्याकडे ते दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि खासगी दवाखान्यात काम करणाऱ्या कितीतरी जणींचं ते कधीच संपलेलं असतं. 'मायदेशात नर्स म्हणून काम करायचा हक्क आहे' हे जर्मन कार्यालयाला दाखवावं लागतं, त्यामुळे मुदत संपलेलं कार्ड चालत नाही.

फाइलचा जीव मात्र ट्रान्सक्रिप्टमध्ये असतो. नुसती मार्कशीट नको. प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास किती, प्रॅक्टिकलचे तास किती, कोणत्या वॉर्डात किती आठवडे पोस्टिंग, इंटर्नशिप किती, हे सगळं कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. तुमचं शिक्षण जर्मन शिक्षणाच्या बरोबरीचं आहे का, हे तिथली बाई हे तास मोजून ठरवते. 'मेडिकल सर्जिकल नर्सिंग: 68 गुण' हे तिच्या काहीच कामाचं नाही. कॉलेजने दोन ओळींचं पत्र दिलं तर नम्रपणे परत द्या आणि तासांचा तक्ता मागा. म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचे तास कुठल्या विषयाखाली येत असतील तर ते वेगळे काढून लिहायला सांगा, कारण जर्मनीत त्या विषयाला मोठं वजन आहे.

अनुभवाच्या दाखल्याचंही तसंच. 'कामाबद्दल समाधानी आहोत' हे वाक्य शोभेचं. कोणता विभाग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याला किती तास, नेमकी कामं कोणती, हे हवं. शिक्षणात निघालेली तफावत कामाच्या अनुभवाने काही अंशी भरून निघू शकते. दाखला नीट असेल तर पुढचं प्रशिक्षण कमी होतं.

याशिवाय जन्मदाखला, पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, आणि जर्मन पद्धतीचा लेबेन्सलाउफ, म्हणजे तक्त्यातला बायोडेटा. त्यात महिन्यांची गळती नको. बाळंतपणासाठी वर्षभर घरी होतात तर तसं सरळ लिहा. रिकामी जागा दिसली की ते विचारतातच.

मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलने ठेवून घेतली असतील तर राजीनाम्याची भाषा करण्याआधी ती ताब्यात घ्या. आमच्या बॅचच्या दोघींना याच कारणाने एक अख्खं वर्ष घालवावं लागलं.

आता अपॉस्टिलबद्दल, म्हणजे आपला कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून त्यावर घेतात त्या सरकारी शिक्क्याबद्दल, कारण इथं पैसे उगाच जातात. भारत 2005 पासून अपॉस्टिल करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला आहे. त्यामुळे भारताचा अपॉस्टिल जर्मनीत आपोआप ग्राह्य ठरत नाही. एजंट 'सगळ्या कागदांना अपॉस्टिल लागतोच' म्हणत हजारो रुपये घेतात. ज्या कार्यालयाकडे अर्ज करणार आहात त्याची यादी आधी वाचा आणि त्यांनी मागितलं तेवढंच करा. बहुतेक ठिकाणी लागते ती प्रमाणित प्रत आणि शपथबद्ध अनुवादकाने केलेलं जर्मन भाषांतर. भाषांतराला पानागणिक पैसे लागतात, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला, एनसीसीचं सर्टिफिकेट वगैरे उत्साहाने जोडू नका.

तिसरी पायरी: भाषा

जर्मन भाषेच्या पातळ्या ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत जातात. उर्कुंडेसाठी बी2 लागते. व्हिसासाठी बहुतेक वेळा बी1 पुरते, काही मार्गांनी ए2 वरही जाता येतं. आणि इथंच माझं मत एजंटांपेक्षा वेगळं आहे: शक्य असेल तर बी2 भारतातच करा. 'तिकडे गेल्यावर आपोआप येते' हे अर्धसत्य. तिन्ही शिफ्टमध्ये काम करून, थंडीत संध्याकाळी साडेचारला अंधार पडत असताना, दमून आल्यावर व्याकरणाचं पुस्तक उघडणं काय असतं ते मी केलंय. बी1 वर आलेली मुलगी हेल्परच्या पगारावर दीड-दोन वर्षं अडकलेली मी पाहिली आहे. बी2 घेऊन आलेली तिच्यामागून येऊन पुढे गेली.

शून्यापासून बी2 पर्यंत ग्योथे संस्थेच्या हिशोबाने 45 मिनिटांचे 600 ते 800 तास शिकवणी लागते. नोकरी सांभाळून दीड वर्ष धरा; नोकरी सोडून रोज बसलात तर वर्षभरात होतं. ग्योथेच्या शाखा पुण्यात आणि मुंबईत आहेत, लोक त्यांना मॅक्सम्युलर भवन म्हणूनच ओळखतात. शिकवणी कुठेही लावा, पण परीक्षा ग्योथे, टेल्क किंवा ओएसडी अशा मान्य संस्थेचीच द्या. ग्योथेच्या बी1 आणि बी2 परीक्षेचे चार भाग, म्हणजे वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं, सुटेसुटे देता येतात आणि प्रत्येकात 60 टक्के लागतात. एका भागात गेलात तर सगळं पुन्हा द्यावं लागत नाही. परीक्षेशिवाय बी2 चं सर्टिफिकेट मिळवून देतो म्हणणारे ग्रुपवर फिरत असतात. कॉन्सुलेट पडताळणी करतं, आणि खोटा कागद सापडला की त्याची नोंद तुमच्या नावावर राहते, सर्टिफिकेट विकणाऱ्याच्या नाही.

मराठी माणसाला जर्मन अवघड जाते हे मला पटत नाही. निर्जीव वस्तूंना तीन लिंगं आपल्याला नवीन नाहीत. 'तो चमचा, ती वाटी, ते ताट' म्हणत आपण वाढलो. इंग्रजीतून जर्मन शिकवणारा मास्तर डेर-डी-दास ही तीन लिंगांची रूपं समजावताना घामाघूम होतो, मराठी मुलीला त्याचं आश्चर्यच वाटत नाही, फक्त पाठांतर करावं लागतं. 'कारण मी आजारी आहे' यात क्रियापद शेवटी येतं, जर्मनमध्ये 'वाइल' (कारण) नंतरही ते शेवटीच जातं. आणि 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. इंग्रजीच्या सवयीने ऐकलं तर औषधाची वेळ तासाने चुकेल. 'दीड-अडीच' डोक्यात ठेवलं तर बरोबर बसेल.

बी2 सोबत काही राज्यांत नर्सिंगच्या भाषेची वेगळी परीक्षाही मागतात. त्यात रुग्णाशी बोलणं, पुढच्या शिफ्टला रिपोर्ट देणं आणि लेखी नोंद करणं तपासतात. खरं तर हीच भाषा पहिल्या दिवसापासून लागते, म्हणून तुमच्या राज्यात मागत नसले तरी तयारी तीच करा.

चौथी पायरी: अनेर्केनुंग

जर्मनीत आपल्या कौन्सिलसारखं देशभराचं एकच कार्यालय नाही. ज्या राज्यात काम करणार त्या राज्याचं कार्यालय तुमची फाइल पाहतं. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये श्टुटगार्टचं रेगीरुंग्सप्रेझिडियुम, बायर्नमध्ये अँबर्गचं नर्सिंग कार्यालय, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये म्युन्स्टरचं जिल्हा प्रशासन. यादी प्रत्येकाची थोडी वेगळी, वेगही वेगळा. म्हणून राज्य आधी ठरवा, मग कागद जोडा. उलटं केलंत तर भाषांतरं दोनदा करावी लागतील.

नेमकं कुठे, काय पाठवायचं हे सांगायला जर्मन सरकारनेच बॉनमध्ये परदेशी अर्जदारांसाठी एक सल्ला केंद्र ठेवलंय, त्याचं नाव झेडएसबीए. ते फुकट आहे. 'मेक इट इन जर्मनी' या सरकारी संकेतस्थळावरून त्यांच्यापर्यंत पोचता येतं. एजंट ज्या माहितीचे पैसे घेतो, त्यातली बरीचशी इथं फोनवर मिळते.

फाइल तपासून जे उत्तर येतं ते बहुतेक भारतीय नर्सना डेफिझिटबेशाइड या नावाने येतं. शब्द ऐकून घाबरू नका, तो नकार नाही. 'तुमच्या आणि आमच्या शिक्षणात अमुक विषयांचं अंतर आहे, ते भरून काढा' असं सांगणारं ते पत्र. बीएस्सीवाल्यांनाही येतं, जीएनएमवाल्यांनाही. व्हिसा बहुतेकदा याच पत्रावर मिळतो, त्यामुळे ते जपून ठेवा.

अंतर भरून काढायचे दोन मार्ग:

अनपासुंग, म्हणजे जुळवून घेण्याचं प्रशिक्षण. हॉस्पिटलच्या वेगवेगळ्या वॉर्डांत काम, सोबत थिअरीचे वर्ग, शेवटी एक चर्चा. मार्कांची परीक्षा नाही. किती महिने ते तुमच्या डेफिझिटवर ठरतं.

केंटनिसप्र्युफुंग, म्हणजे परीक्षा. एक भाग तोंडी, एक प्रत्यक्ष वॉर्डात रुग्णावर. तयारीचा कोर्स काही महिन्यांचा. नापास झालात तर पुन्हा देता येते, पण एकदाच.

कोणता घ्यावा? भाषा पक्की असेल आणि घाई असेल तर परीक्षा. भाषेची भीती असेल तर अनपासुंग. मी तोच घेतला आणि पस्तावले नाही, कारण त्या महिन्यांत वॉर्डची बोली कानावर बसली. बऱ्याचदा मात्र निवड तुमच्या हातात नसते, हॉस्पिटलकडे ज्याची सोय असते ते करावं लागतं. म्हणून करारावर सही करण्याआधी विचारा: तुमच्याकडे दोन्हींपैकी काय आहे, पुढची बॅच कधी, तिथं माझी जागा पक्की आहे का? 'आल्यावर बघू' या उत्तराचा अर्थ अनेकदा 'वर्षभर हेल्पर' असा निघतो.

2024 पासून आणखी एक सोय आहे. तास मोजण्याची सविस्तर तपासणी नको, मी थेट परीक्षा किंवा प्रशिक्षण घेते, असं लिहून देता येतं. फाइल लवकर हलते. कॉलेज बंद पडलंय, ट्रान्सक्रिप्ट मिळतच नाही, अशांना याचा मोठा आधार. पण ज्यांचा अनुभव भरपूर आणि कागद चोख आहेत त्यांनी ही घाई करू नये, तपासणीत त्यांचं अंतर कमी निघू शकतं.

पाचवी पायरी: नोकरी, करार आणि मधली माणसं

जर्मनीत नर्सची टंचाई आहे, म्हणून नर्स आणण्याचा खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा हे तिथं चांगल्या भरतीचं तत्त्व मानलं जातं. ते पाळणाऱ्या संस्थांना सरकारी देखरेखीखालचं एक मानचिन्ह मिळतं, नाव 'फाइरे अनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड', म्हणजे नर्सिंगची न्याय्य भरती. एजन्सीकडे ते आहे का बघा. भारताच्या बाजूने बघायचं ते असं: परदेशी भरती करणाऱ्या एजन्सीकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना हवा, तो ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून तपासता येतो, आणि तिला उमेदवाराकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. चार-पाच लाख मागणारा माणूस कितीही गोड बोलला, त्याच्या ऑफिसात जर्मन झेंडा लावलेला असला, तरी तो नियमाबाहेरचंच मागतोय.

करारात या गोष्टी स्वतः वाचा, गुगल ट्रान्सलेट लावून का होईना:

उर्कुंडेआधीचा पगार किती, नंतरचा किती, आणि वाढ कोणत्या तारखेपासून. 'उर्कुंडे मिळाल्याच्या तारखेपासून' असं लिहिलेलं हवं. खोली कोण देणार, भाडं किती, पगारातून कापणार का. बी2 चा वर्ग कामाच्या वेळेत की बाहेर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मध्येच सोडलं तर किती पैसे परत करायचे. असं कलम असू शकतं. पण रक्कम खऱ्या खर्चाएवढी आणि दर महिन्याला कमी होत जाणारी असावी. पाच वर्षं बांधून ठेवणारं, शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम मागणारं कलम असेल तर सही करू नका. आधीच अडकला असाल तर जर्मनीत 'फाइरे इंटेग्रात्सिओन' या जाळ्यातली सल्ला केंद्रं परदेशी कामगारांना फुकट कायदेशीर सल्ला देतात, आणि अवाच्या सवा दंड तिथल्या कामगार न्यायालयांत टिकत नाहीत.

सहावी पायरी: व्हिसा

एवढं झालं असेल तर हे सगळ्यात सोपं. डेफिझिट भरून काढायला जाणाऱ्यांचा व्हिसा निवास कायद्याच्या कलम 16डी खाली असतो. अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा, महाराष्ट्रातल्यांसाठी कार्यालय मुंबईचं कॉन्सुलेट. शुल्क 75 युरो. सोबत डेफिझिटबेशाइड, नोकरीचा करार, प्रशिक्षणाचा आराखडा, भाषेचं प्रमाणपत्र, राहण्याची सोय आणि विमा.

हॉस्पिटलला म्हणावं, तुम्ही तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात 'जलद कुशल कामगार प्रक्रिया' सुरू करा. तिचं शुल्क 411 युरो, अर्ज नोकरी देणाऱ्यानेच करायचा असतो. मग अनेर्केनुंगच्या कार्यालयालाही ठरावीक मुदतीत उत्तर द्यावं लागतं आणि कॉन्सुलेटची तारीखही लवकर मिळते. चांगली हॉस्पिटलं हे स्वतःहून करतात. करत नसतील तर का, ते विचारा.

मार्च 2024 पासून 'मान्यता भागीदारी' नावाचा मार्गही आहे. ए2 भाषेवर, डेफिझिटबेशाइड हातात नसतानाही जाता येतं आणि अनेर्केनुंगचा अर्ज तिकडे गेल्यावर करता येतो. ऐकायला आकर्षक. पण मघाचा प्रश्न विचारा: उर्कुंडे लवकर येईल की उशिरा? ए2 वरून बी2 पर्यंतचा डोंगर हेल्परच्या शिफ्टा करत चढायचा असेल तर उत्तर तुमचं तुम्हालाच कळेल. या मार्गाने जायचंच असेल तर हॉस्पिटल भाषेच्या वर्गाचे तास ड्यूटीत धरतं का, ते लेखी घ्या.

निघण्याआधी गोवरच्या लशीचे दोन डोस झाल्याचा किंवा प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा घ्या. मार्च 2020 पासून जर्मनीत आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांना तो सक्तीचा आहे, आणि आपल्या लहानपणीचं लसीकरणाचं पिवळं कार्ड बहुतेकांच्या घरात उंदरांनी खाल्लेलं असतं. रक्ततपासणी करून अँटिबॉडीचा अहवाल घेतला की काम होतं. हिपॅटायटीस बीचंही त्याच वेळी उरकून टाका.

पोचल्यावर

पहिल्या दोन आठवड्यांत राहत्या पत्त्याची नोंदणी, ज्याला आनमेल्डुंग म्हणतात. तिच्याशिवाय कर क्रमांक येत नाही, आणि कर क्रमांकाशिवाय पहिल्या पगारातून भरमसाट कापतात. खोलीच्या मालकाची सही असलेला फॉर्म लागतो, तो आल्या दिवशीच मागा.

वॉर्डात मात्र खरा धक्का बसतो, आणि त्याबद्दल एजंटची पुस्तिका गप्प असते. तिथं मावशी नाहीत, मामा नाहीत, नातेवाईक डबा घेऊन खाटेशी बसलेले नाहीत. आंघोळ घालणं, दात घासून देणं, भरवणं, डायपर बदलणं, हे सगळं 'ग्रुंडफ्लेगे' म्हणून नर्सच्या कामाचा गाभा मानलं जातं. त्याच वेळी जी कामं इकडे आपण डोळे मिटून करत होतो, उदाहरणार्थ आयव्ही लावणं, ती बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांची. आयसीयूतून आलेल्या मुलींना पहिल्या महिन्यात वाटतं आपली किंमत कमी झाली. तसं नाही. म्हाताऱ्या माणसाची त्वचा, त्याचं खाणं, त्याचं पडणं यावर तिथली नर्स स्वतः निर्णय घेते आणि स्वतःच्या सहीने लिहिते. परीक्षेतही हेच विचारतात. जिने ग्रुंडफ्लेगेला हलकं काम समजलं ती केंटनिसप्र्युफुंगच्या वॉर्डातल्या भागात अडखळते.

जुने रुग्ण अजूनही 'श्वेस्टर' म्हणून हाक मारतात. म्हणजे सिस्टरच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सिव्हिल हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात उभं असल्यासारखं झालं.

उर्कुंडे आल्यावर

प्रशिक्षण किंवा परीक्षा संपली, बी2 झाली, की राज्याच्या कार्यालयाकडे ताजं फिटनेस सर्टिफिकेट आणि जर्मनीतला चारित्र्याचा दाखला देऊन उर्कुंडे मागायचा. तो आपोआप येत नाही, आणि वॉर्डच्या प्रमुखाला वाटतं हॉस्पिटलचं ऑफिस मागेल, ऑफिसला वाटतं तुम्ही मागाल. दर पाच वर्षांचं नूतनीकरण नाही, उर्कुंडे कायमचा. ऱ्हाइनलांड-फाल्ट्स आणि नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन या राज्यांत नर्सिंग चेंबर आहेत, तिथं सदस्य मात्र व्हावं लागतं.

कागद आला त्याच दिवशी त्याची प्रत हॉस्पिटलच्या ऑफिसात द्या आणि पोच घ्या, पगाराची तारीख त्यावर ठरते. मग परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन कलम 18ए खालचा कुशल कामगाराचा परवाना घ्या. वय 45 च्या पुढे असेल तर इथं पगाराची किंवा पेन्शनच्या सोयीची वेगळी अट लागू शकते, म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी हा हिशोब निघण्याआधीच करावा. 18ए वर तीन वर्षं झाली, पेन्शनचे हप्ते भरले आणि भाषा असेल तर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

नवऱ्याला न्यायचं असेल तर त्याला साधारणपणे ए1 जर्मन लागते. तुम्ही बी2 ला बसाल तेव्हाच त्याला ए1 च्या वर्गात घाला. 'तू जा, मी नंतर बघतो' म्हणणारे नवरे नंतर वर्षभर व्हिडिओ कॉलवरच दिसतात.